तार ढिली हाये

आम्रपालीनं टॉवेलात गुंडाळून आणलंय ते काळं खोकं,
आणि बर्डीवरच्या दुकानात शिरल्या शिरल्या
खापेकर नावाचा पोरगा आम्हाला मोठ्या पडद्यापाशी नेतो.
पंचावन्न इंच. त्यात एक मासा पोहतोय.
शेजारच्या पडद्यात तोच मासा, पलीकडेही तोच,
भिंतभर एकच मासा, सतरा किमतींचा.

"काका, कलर पाहा ना," तो म्हणतो.
पाहतो. असला निळा
मी फुटाळ्यात पाहिला नाही, अंबाझरीतही नाही.
तिला रंग नकोच आहेत.
ती विचारते, दाबल्यापासून दिसेपर्यंत किती वेळ?
"चालू व्हायले का, ताई?"
नाही.
बटण इथं दाबलं,
तर माणूस तिथं उडी कधी मारतो?

मी इतका वेळ नुसता उभा. खिशात सुतळीचा तुकडा, दोन गाठींचा:
एक गाठ भिंतीची, कूलरची खिडकी सोडून,
दुसरी, दिवाणावर बसलं तर भिंत किती लांब, त्याची.
माझं काम एवढंच, असं धरून चाललो होतो.
पण हा प्रश्न मला येतो.

छोट्या लाइनवर अडतीस वर्षं
इतवारीच्या केबिनमध्ये लिव्हर ओढले मी.
इथं ओढायचं, की अर्धा मैल तार
चाकांवरून, बेशरमाच्या झुडपांतून सरसरत जायची
आणि तिथं सिग्नलचा हात पडायचा.
मे महिन्यात तार वाढते.
लोखंड आहे, नागपूरचं ऊन आहे, वाढणारच.
मग लिव्हर येतो पुरता, आणि हात पडतो अर्धा,
उमरेडची गाडी बाहेर शिट्या मारत उभी.
ड्रायव्हरला काय दिसतं?
तुमचा घाम दिसत नाही, ओढणं दिसत नाही.
त्याला तो हात दिसतो.
म्हणून दुपारभर तार ताणायची थोडी थोडी,
रात्री गार झाली की सोडायची.

हे तिला कधी सांगितलं नव्हतं.
मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो तेव्हा
ती आवाज बंद करून टीव्ही पाहायची,
अख्खं बालपण, मुकं.

खापेकर कुरकुरत खोकं जोडतो.
ती दाबते, ओठ मुडपते. पुन्हा दाबते.
"दे बरं मले."
मी दाबतो. माणूस उडी मारतो,
पण कुणी सांगितल्यावर, विचार करून.
"तार ढिली हाये," मी म्हणतो.
पोरगा मागच्या वायरी हलवून पाहतो.
आम्रपाली माझ्याकडे पाहते,
मग रिमोट घेऊन आत, त्याच्याही आत शिरते,
आणि गुळगुळीत करणारं, झळाळी देणारं,
चेहरे गोरे करणारं, जे जे असेल ते बंद करत जाते.
गेम मोड.
निळ्यातला निम्मा निळा उतरतो.
मी दाबतो.
पडला हात!

पण पंचावन्नमध्ये तरी थोडी ढील उरतेच,
ती कोपऱ्यातल्या त्रेचाळीसमध्ये नाही,
ज्याच्यावर ना ऑफर, ना मासा.
"पंचावन्नवर मिक्सर फ्री आहे काका."
मिक्सर आहे घरी.
सुतळी लावतो. पहिल्या गाठीच्या चार बोटं आत.
स्टॅबिलायझरचे पैसे वेगळे, त्यावरून अर्धा तास जातो.

आता रात्री साडेदहाला कूलर घरघरतो,
भिंतीवर दोन माणसं पळतात, लाल ती, हिरवा मी.
दरी येते. ती पार.
मी दरीत.
पुन्हा दरीत.
"टीव्हीत खराबी आहे," मी म्हणतो.
"बाबा, टीव्ही बरोबर आहे. उशीर तुमच्या बोटात आहे."
आणि हसते, आवाज मोठा ठेवून.

मी अंगठा उजेडात धरून पाहतो.
याचा स्क्रू कुठं असतो, विचारायला
तिच्याकडे वळतो,
तेवढ्यात हिरवा पुन्हा गेला.